कंबर आणि कमरेचा फोटो



पत्रिकेत विषय छापलाय : 'पडलो नाही, लागलं नाही, तरी कंबर का दुखते?' मणके, गाद्या, नसा हे सगळं तुम्हाला ठाऊक आहेच. ज्यांना नाही, त्यांच्या शेजारच्यांना नक्की असेल. (हशा) तेव्हा सरळ माझ्या हट्टाकडे येतो. दहातल्या आठ-नऊ कंबरदुखींत नेमकं काय बिघडलं यावर बोट ठेवता येत नाही. आपण मात्र ते एमआरआयमध्ये शोधत बसतो.

१९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी मणक्यांमधली फाटलेली गादी नसेवर दाबते आणि पाय दुखतो, हे दाखवलं. शोध मोठाच. पण पुढे साधी उसणही गादीच्याच खात्यावर पडू लागली. १९९४ मध्ये अमेरिकेत कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय तपासले. निम्म्याहून अधिक लोकांची एखादी तरी गादी फुगलेली! सगळ्या गाद्या ठीक असलेले फक्त ३६ टक्के. दुसऱ्या रांगेतले आमचे रेडिओलॉजिस्ट मित्र कपाळाला आठ्या घालताहेत. अहो, यंत्राशी माझं वैर नाही. नसेवर दाब असेल, ऑपरेशनचा विचार असेल, तर मीच तुमच्याकडे पाठवतो की!

एक गणिताचे मास्तर आले. फिल्म पिशवीतून काढायच्या आधीच म्हणाले, "चौथी-पाचवी गेली." मला वाटलं, इयत्ता! (हशा) गादी जराशी फुगलेली. पण रिपोर्ट हाती पडल्यापासून सायकल बंद, पंगतीला बसणं बंद, झोपायला लाकडी फळी. बादल्या मास्तरीणबाई उचलायच्या. मग त्यांचीही कंबर धरली. त्या बाहेर बाकावर बसल्या होत्या, त्यांना कुणी आत बोलावलंच नव्हतं! मी म्हटलं, "मास्तर, निवृत्त कधी झालात?" दुखणं लागलं त्याच उन्हाळ्यात. उभा जन्म फळ्यापुढे उभं राहण्यात गेला, आणि आता दिवसभर खुर्ची, टीव्ही, मुलाच्या नोकरीची काळजी, रात्री झोप नाही. बसून राहणं, अपुरी झोप, काळजी, तंबाखू, वजन या सगळ्यांनी कंबर दुखायला हातभार लागतो, आणि यातलं एकही फिल्मवर उमटत नाही. मास्तरांना सायकल परत दिली, हळूहळू. फळीही काढायला लावली. २००३ च्या एका स्पॅनिश अभ्यासात अगदी कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला होता. आणि १९९५ मध्ये फिनलंडमध्ये, दोन दिवस अंथरुणाला खिळवलेल्यांपेक्षा झेपेल तसं रोजचं काम करणारे लवकर बरे झाले. बाईंचं म्हणाल, तर...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. मास्तरांनी माझा वेळ खाल्ला.

पण हे सांगितल्याशिवाय उतरणार नाही, नाहीतर उद्या म्हणाल डॉक्टर म्हणाले काही नसतं. बारीक ताप, वजन उतरणं, रात्री ठणका : आपल्याकडे मणक्याचा टीबी आधी आठवायचा, कॅन्सरही बघावा लागतो. तरुण पोरगा सकाळी ताठलेला उठतो आणि हिंडल्याफिरल्यावर मोकळा होतो, ती संधिवाताची जात असू शकते. पाळी गेलेल्या बायकांचा ठिसूळ मणका न पडताही दबतो. कुशीतून जांघेकडे कळ येत असेल तर मूतखडा बघा. आणि बसायची जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, पायातलं बळ गेलं, तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री मोठं हॉस्पिटल गाठा. तिथे एमआरआय लगेच, माझा हट्ट बाजूला.

आता प्रश्न. हो, पट्टा बांधलेले ते आजोबा, तुम्ही विचारा.