चित्रांतली नदी आणि गांवांतली नदी

बारामतींतून वाहणाऱ्या कऱ्हेविषयीं बोलतांना ‘वाहणारी’ हा शब्द वर्षांतील पुष्कळ महिने जपूनच वापरावा लागतो. पात्रांत खडक, गवत, गाळ, मधूनमधून सांचलेले डोह. काठावर बाबूजी नाइकांचा वाडा आणि त्याच्याभोंवतीं वाढत गेलेलें शहर. मोरोपंतांनीं आपल्या आर्या याच गांवीं रचल्या. १७९४ सालीं त्यांचें देहावसान झालें, तेंहि येथेंच. काव्याच्या बाबतींत एवढी भाग्यवान असलेल्या या गांवाच्या नदीचें, नांव घेतांच डोळ्यांपुढें उभें राहावें असें चित्र मात्र आपल्याकडे रूढ झालेलें नाहीं.

आतां अशी कल्पना करा कीं, येथील एखादा तरुण चित्रकार जलरंगांची पेटी घेऊन या काठीं बसला आहे. त्याच्यासमोर नदी आहे खरी. पण त्याच्या हातांत पूर्वीं पाहिलेलीं चित्रें आहेत. हा हात कोठें शिकला हें पाहिल्यावांचून त्याचें चित्र आपणांस नीट कळावयाचें नाहीं.

माझ्या मतें तो नाशिकला शिकला. तो स्वतः तेथें कधीं गेलाहि नसेल. परंतु नदीकाठच्या शहराच्या चित्राचा आपल्याकडील सांचा गोदावरीच्या घाटावरच पक्का झाला. १८५७ सालीं मुंबईस सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळा निघाली व इंग्रजी वळणाचे जलरंग आमच्या मंडळींच्या हातीं आले. ल. ना. तासकर (१८७०–१९३७) यांनीं देवळांच्या परिसरांतील यात्रेकरूंची गर्दी रंगविली. पुढें नाशिकच्या शिवाजी तुपे यांनीं गोदाघाट व जुने वाडे आयुष्यभर जलरंगांत उतरविले. आणि आजहि प्रफुल्ल सावंतांसारखे तेथील चित्रकार त्याच पायऱ्यांवर कागद घेऊन बसतात. वर देवळाचें शिखर, मध्यें पायऱ्यांच्या तिरप्या ओळी, खालीं त्यांचें पाण्यांत मोडलेलें प्रतिबिंब, आणि पायऱ्यांवर लुगड्यांचे लाल-हिरवे ठिपके, अशी ही रचना आहे. पारदर्शक जलरंगांत पांढरा रंग लावीत नाहींत. कागदच कोरा सोडून ऊन दाखवितात. काळ्या दगडावर सकाळचें कोंवळें ऊन पडलेलें पाहिलें, म्हणजे ही पद्धति जणूं घाटासाठींच जन्मास आली असें वाटूं लागतें.

परंतु सांचा डोळ्यालाहि वळण लावतो. गोदावरीला पूर आला, कीं दुतोंड्या मारुतीच्या कोणत्या अंगापर्यंत पाणी चढलें यावरून नाशिककर पुराचें मान ठरवितात. ती गढूळ, पिसाळलेली गोदावरी आपल्या दिवाणखान्यांतील चित्रांत कितीशी दिसते? पुलावरची रहदारी, विजेच्या तारा, नाल्याचें तोंड, हीं चित्रकाराच्या नजरेंतून आपोआप गळतात. कऱ्हेवर हा सांचा बसविला म्हणजे तर नदींत नसलेलें पाणी कागदावर भरावें लागतें. कारण प्रतिबिंब नसेल तर चित्राचा खालचा अर्धा भाग रिकामाच राहतो! असें चित्र विकलें जाईल, बक्षीसहि मिळवील. पण त्यांतील नदी बारामतीची नव्हे.

मग पूर्वसूरींना विसरावें काय? तसें मला वाटत नाहीं. लंडनची थेम्स नदी १८५८ च्या उन्हाळ्यांत इतकी घाण झाली होती कीं, दुर्गंधीनें पार्लमेंटचें काम चालणें कठीण झालें. त्याच सुमारास, १८५६ ते १८५८ या काळांत, जपानांतील हिरोशिगे हा कलावंत एदो, म्हणजे आजच्या टोकियो, शहराचीं शंभराहून अधिक दृश्यें ठशांतून छापीत होता. तीं चित्रें युरोपांत पोंचलीं, आणि व्हिस्लर या लंडनवासी अमेरिकन चित्रकारानें १८७२ ते १८७५ च्या दरम्यान थेम्सवरील जुना बॅटर्सी पूल रंगविला. सबंध पूल त्यानें काढलाच नाहीं. एक उंच खांब, वर पुलाचा तुटक तुकडा, आणि भोंवतीं रात्रीचा निळा अंधार. जपानी पोशाख किंवा जपानी होडी त्यानें उसनी आणली नाहीं. हिरोशिगेपासून त्यानें घेतली ती बसावयाची जागा. पुलाच्या पायथ्याशीं, मान वर करून!

आपल्याकडे याहून जवळचें उदाहरण कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांचें आहे. १९३१ सालीं ते निवर्तले. कोटितीर्थाच्या तळ्याचा परिसर त्यांनीं वेगवेगळ्या वेळीं पुन्हां पुन्हां रंगविला. झाड, धुकें, पाण्याची एक पट्टी, एवढ्यावरच त्यांचें चित्र उभें राहतें. कऱ्हेकांठच्या चित्रकारानें नाशिकच्या घाटापेक्षां या तळ्याकडे अधिक वेळ पाहावें, असें मी आग्रहानें म्हणेन. जेथें प्रतिबिंब नाहीं तेथें पात्राचे आडवे पट्टे आहेत: राखाडी खडक, वाळलेल्या गवताचा पिवळा, डोहाचा हिरवट काळा. कोरा कागद ज्याला सोडतां येतो, त्याला तापलेला खडक दाखवितां येईल. आणि नदी कोरडी म्हणून तिच्याकांठीं माणसें नाहींत असेंहि नाहीं. वरच्या अंगास सोमवती अमावास्येला जेजुरीच्या खंडोबाची पालखी याच कऱ्हेवर स्नानास येते, तेव्हां भंडाऱ्याचा जो पिवळा रंग उधळतो तो नाशिकच्या रंगपेटींत सांपडावयाचा नाहीं.

शिवाय ही नदी नेहमींच कोरडी नसते. सप्टेंबर २०१९ मध्यें नाझऱ्याच्या धरणांतून सुटलेल्या पाण्यानें कऱ्हेला असा पूर आला कीं, बारामतींतील काठच्या लोकांना घरें सोडून हलावें लागलें. हा पूर व तो खडक एकाच कागदावर बसणार नाहींत. त्यासाठीं आमच्या चित्रकाराला वैशाखांत एकदां आणि भाद्रपदांत एकदां, त्याच दगडावर येऊन बसावें लागेल. मात्र दुसऱ्या खेपेस दगड पाण्याबाहेर असला पाहिजे.