खोटे डोळ्यांत दिसते काय?



"कर नाही त्याला डर कशाला?" ही म्हण आपण सारेच वापरतो. चावडीवर वापरतो, शाळेत वापरतो, घरात पोराला दटावतानाही वापरतो. समोरचा चाचरला, त्याने नजर चुकवली, हात चोळले, की आपण म्हणतो, "बघा, सापडला!" या समजुतीचीच आज थोडी झडती घेऊ या.

समजूत आजकालची नाही. न्याय करणाऱ्याने माणसाचा स्वर, चेहऱ्याचा रंग, डोळे आणि हावभाव पाहून त्याचे मन ओळखावे, असे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही सांगितले आहे. पूर्वी संशयिताला तांदूळ चावून थुंकायला लावीत. त्याला तांदळाचे दिव्य म्हणत. भीतीने तोंडाला कोरड पडते, एवढे खरे. पण भीती काय चोरालाच वाटते? ज्याच्यावर नाहक आळ आला, त्याची जीभ टाळूला चिकटत नाही?

बरे, हा समज केवळ आपल्याकडचाच आहे असेही नाही. "खोटे बोलणारा कसा ओळखाल?" असा प्रश्न ५८ देशांतल्या लोकांना विचारण्यात आला. ती पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. शंभरांत साठांहून अधिक लोकांनी एकच उत्तर दिले : तो नजरेला नजर देत नाही. आता गंमत पाहा. याच साली चार्ल्स बाँड आणि बेला डिपॉलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आधीचे पुष्कळसे प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. माणसे खरे-खोटे ओळखायला बसली, आणि शंभरांत सरासरी ५४ वेळा बरोबर ठरली. नाणे उडवले असते तरी ५० वेळा बरोबर आले असते! डिपॉलोबाईंनी २००३ साली खोटे बोलण्याची शंभराहून अधिक लक्षणे तपासली होती. त्यांत नजर चुकवण्याचा खोटेपणाशी जवळजवळ काहीच संबंध आढळला नाही. डोळे उजवीकडे वर गेले की माणूस बनवून सांगतो, असेही पुष्कळजण छातीठोकपणे सांगतात. इंग्लंडमधील रिचर्ड वाइजमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली तेही तपासले. पुरावा मिळाला नाही.

असे का होते? शरीर मनाची खळबळ दाखवते, खळबळीचे कारण दाखवत नाही. घाम अपराधाचाही असतो, अपमानाचाही असतो. पॉल एकमन या मानसशास्त्रज्ञाने या फसगतीला 'ऑथेल्लोची चूक' असे नाव दिले. देवलांचे 'झुंझारराव' ज्या नाटकावरून झाले, तोच हा ऑथेल्लो. कॅसिओ मारला गेला हे ऐकून डेस्डिमोना व्याकूळ होते. आता आपल्याला निर्दोष ठरवणारा कोणी उरला नाही, या भयाने ती रडते. आणि नवरा ते अश्रू व्यभिचाराचा पुरावा मानतो. पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे.

आपल्याकडे तर आणखी एक घोळ आहे. वडीलधाऱ्यांपुढे मान खाली घालावी, हे आपणच मुलांना शिकवतो; आणि चोरीची चौकशी निघाली की तीच खाली गेलेली मान आपल्याला गुन्ह्याची कबुली वाटते! शिक्षकबंधुभगिनींनो, समजा वर्गात सहलीचे पैसे हरवले. गुरुजींनी एकेकाला उभे केले. बड्या घरचा मुलगा ताठ मानेने "मी नाही" म्हणाला. मजुराचे पोर अडखळले. संशय कोणावर जाईल? आणि तो चुकीचा निघाला, तर त्या पोराच्या कपाळी बसलेला शिक्का कोण पुसणार?

मग खोटे ओळखायचेच नाही का? ओळखायचे, पण डोळ्यांपेक्षा कानांनी. पहिली गोष्ट, समोरच्याला मोकळेपणी, सारे पहिल्यापासून सांगू द्या. मध्ये तोडू नका. दुसरी, आपल्याजवळचा पुरावा आधीच उघडा करू नका. पंप चोरीला गेला त्या रात्री एखाद्याला विहिरीवर पाहिले असेल, तर "तू विहिरीवर होतास ना?" असे दरडावू नये. "काल संध्याकाळपासून काय काय केलेस?" एवढेच विचारावे. खरे बोलणारा बहुधा विहिरीचे नाव आपणहून काढतो, लपवणारा गाळतो. स्वीडनमध्ये २००६ साली शिकाऊ पोलिसांवर असा प्रयोग झाला. ही रीत शिकलेल्यांचे निर्णय शंभरांत सुमारे ८५ वेळा बरोबर आले. न शिकलेल्यांचे सुमारे ५६ वेळा. तिसरी गोष्ट, सांगितलेले पडताळून पाहा. आणि लहान मुलाला तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारू नका. मोठ्यांना जे हवे ते मूल शेवटी कबूल करून टाकते, आणि त्याला आपण सत्य समजतो.

यंत्राचीही गोष्ट हीच. खोटे पकडणारे म्हणवणारे यंत्र नाडी, श्वास आणि घाम मोजते; खोटे मोजत नाही. अशी चाचणी कोणावरही सक्तीने करता येणार नाही, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितले आहे.

तेव्हा ती म्हण थोडी जपून वापरू या. कर नसतानाही डर असतो. गरिबाला तर तो अधिकच असतो. कोणाची मान खाली गेलेली दिसली, तर निकाल देण्यापूर्वी त्याला बसायला सांगा, पाणी द्या, आणि त्याचे म्हणणे पुरते ऐका.