तेंच जहाज, तोच ग्रंथ

मुकुंदवाडीहून दक्षिणेस पन्नासएक किलोमीटरांवर गोदाकांठीं पैठण आहे. तेथील एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, पाठभेद शोधून ज्ञानेश्वरी शुद्ध केली. ग्रंथ शके १२१२ चा. मधल्या तीन शतकांत नकलकारांच्या हातून किती शब्द पालटले असतील!

अथेन्सच्या तत्त्वज्ञांचा असाच एक वाद प्लूटार्कनें नमूद केला आहे. थीसियसच्या जहाजाची कुजलेली एकेक फळी काढून नवी बसवीत गेल्यास जहाज तेंच राहतें काय? ग्रंथाचें दुखणें याहून अवघड. नवी फळी डोळ्यांस दिसते. ओवींतला नवा शब्द मात्र सुबोध, म्हणून अधिक खराही वाटतो.

एकादश स्कंधावर अठरा हजारांवर ओव्या रचणाऱ्या एकनाथांस भर घालणें काय कठीण होतें? उलट, ज्ञानेश्वरींत कोणीं स्वतःची ओवी घालूं नये, असें त्यांनीं बजाविलें. हा संयम मला त्यांच्या कवित्वाहून उणा वाटत नाहीं.

पुढें १९०९ सालीं राजवाडे यांनीं अधिक जुन्या वळणाच्या भाषेची एक प्रत छापिली व ती एकनाथपूर्व ठरविली. तें मान्य केल्यास, फळ्या जपणाऱ्याच्या हातूनही कांहीं फळ्या बदलल्या असें म्हणावें लागेल. वारकऱ्यांचें पारायण मात्र एकनाथांच्याच परंपरेंतील पाठावर चालत आलें आहे.