‘आधी कोणी मारलं?’ हा प्रश्न मी बंद केला

मी अंबडला, एमआयडीसीजवळच्या एका प्राथमिक शाळेत तिसरीचा वर्ग शिकवते. आमच्याकडची मुलं म्हणजे कंपनीत कामाला असणाऱ्यांची. कोणी धुळ्याकडचं, कोणी बीडचं, कोणी थेट बिहारमधून आलेलं. त्यामुळे भांडणाला विषय कमी पडत नाहीत!

एकदा मधल्या सुट्टीत नळावर दोन मुलं जुंपली. एकाचा ओठ फुटला. मी नेहमीसारखं विचारलं, "आधी कोणी मारलं?" सगळ्यांनी बिहारच्या मुलाकडे बोट दाखवलं. त्याला रागावले, दोघांना सॉरी म्हणायला लावलं, हात मिळवायला लावले. दोन मिनिटांत प्रकरण मिटलं. म्हणजे माझ्यापुरतं मिटलं.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मी शाळा सुटल्यावर त्याच्या खोलीवर गेले. आई म्हणाली, "मॅडम, सब बोलते हैं, भैय्या, गाँव वापस जा." रोज नळावर नंबर लावला की हेच ऐकायचं आणि मागे ढकललं जायचं. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगणार कसं? मी फक्त आधी हात कोणी उचलला एवढंच विचारलं होतं. शब्दाने मारणारा माझ्या प्रश्नातून अलगद सुटला होता.

मग मला ‘मूल्यवर्धन’ आठवलं. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनचा हा कार्यक्रम 2009 मध्ये बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांमधून सुरू झाला, पुढे राज्यभर गेला. त्यात मुलं जोडीने, गटाने बोलतात, वर्गाचे नियम स्वतः ठरवतात. आपण तो उपक्रम म्हणून ‘घेतो’, वही भरतो. भांडण झालं की मात्र पुन्हा जुन्या पोलिसी खाक्यावर. मी स्वतःबद्दल बोलतेय हां.

आता आमच्या वर्गात मागच्या बाजूला एक सतरंजी आहे. भांडणारे दोघं तिथे बसतात. आधी पाणी प्यायचं, कारण रडणाऱ्या मुलाला विचारून काही हाती लागत नाही. मग एकाने काय झालं ते सांगायचं. दुसऱ्याने उत्तर द्यायचं नाही, ऐकलेलं परत सांगायचं. पहिला "हो, असंच" म्हणाला की मग दुसऱ्याची पाळी. हिंदीत सांगितलं तरी चालतं.

सतरंजीवर पहिले बसले ते हेच दोघे. ओठ फुटलेल्या मुलाला परत सांगताना तीनदा अडखळायला झालं. शेवटी म्हणाला, "त्याला वाटतं, आम्ही त्याला इथे राहूच देणार नाही." आणि गप्प झाला. सॉरी मी मागितलंच नाही. दोघांनी मिळून ठरवलं, की नळावर बाटल्या रांगेत ठेवायच्या. नंबर बाटलीचा, माणसाचा नाही.

सगळं असं गोड होत नाही. दहा-पंधरा मिनिटं जातात, गणिताचा तास बोंबलतो. आणि एकच मूल रोज एखाद्याला छळत असेल, तर त्या दोघांना समोरासमोर बसवणं मला चूक वाटतं. तिथे मोठ्यांनीच मध्ये पडायचं, छळ थांबवायचा, घरच्यांना बोलवायचं. ते भांडण नसतंच.

पालकांचं वेगळंच. "मॅडम, दोन ठेवून द्या, सरळ होईल," असं अगदी प्रेमाने सांगतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार मारायला बंदी आहे, मानसिक त्रास द्यायलाही, हे मी सांगते. एक वडील हसून म्हणाले, "मग तो ऐकतो कसा?"

त्यांचा मुलगा शेजारीच उभा होता. म्हणाला, "पप्पा, आधी तुम्ही सांगा मॅडम काय बोलल्या."