केडगावची प्रुफं



आमच्या ख्रिस्ती मंडळीत कुणाकडे दुःख झालं की भेटायला आलेला माणूस पाचव्या मिनिटाला म्हणतो, "देवाची इच्छा!" मीही म्हटलंय. समोरचा मान हलवतो, चहा येतो आणि विषय संपतो. अशा वेळी मला बायबलमधल्या ईयोबाचे मित्र आठवतात. सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून होते, तोवर त्यांचं बरं चाललं होतं. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. ईयोब देवाशी चक्क भांडला. देवानं त्यालाही खडसावलं. पण माझ्याविषयी नीट बोलला तो हाच, असा निवाडा शेवटी त्याच्याच बाजूनं दिला.

तरीही विश्वासात टिकणं म्हणजे मुकाट सोसणं, असं आपण धरून चालतो. म्हणून आज पंडिता रमाबाईंची आठवण काढायची आहे. मुकाट बसणं हे त्यांच्या कुंडलीतच नव्हतं.

दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. भाऊ श्रीनिवास १८८० साली गेला. त्याच वर्षी रमाबाईंचं लग्न झालं आणि १८८२ मध्ये नवरा पटकीनं गेला. कडेवर मुलगी मनोरमा, वर्षाचीही नव्हती. हे सगळं बाप्तिस्म्याच्या आधीचं. प्रभूच्या पदरी पडल्यावर तरी सुख लागावं की नाही? १८८३ मध्ये इंग्लंडात, वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला; त्याच्या थोडंच आधी सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली होती. रमाबाईंच्या मनात डॉक्टर व्हायचं होतं, तर कान दगा देऊ लागले.

आणि ज्या मठात आसरा मिळाला, तिथल्या सिस्टर जेराल्डीनबाईंशी वाद सुरू झाले. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशासाठी, आमच्या संस्कृतात काय कमी आहे, असा रमाबाईंचा सवाल. चर्चच्या शिकवणुकीतलं जे पटलं नाही, ते पटलं नाही म्हणून लिहून कळवलं. हा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं इंग्रजीत छापला आहे. मिळाला तर जरूर वाचा. देवावरचा विश्वास आणि धर्मगुरूंची आज्ञा या दोन गोष्टी ही बाई किती नेमक्या वेगळ्या ठेवते, ते पाहून मला तर तिचा हेवा वाटला.

भारतात परतल्यावर पुण्यात उलट बाजूनं मार बसला. त्यांच्या शारदा सदन या शाळेत मुली बाटवतात, असा १८९३ मध्ये गवगवा झाला. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली नेल्या. तिकडे गोऱ्या मंडळींना त्या हट्टी वाटत, इकडे आपल्यांना परक्या. पुढे दुष्काळ पडला तेव्हा याच बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा करून केडगावला आणत होत्या.

पण मला सांगायचंय ते केडगावच्या छापखान्याबद्दल. पुण्याहून सोलापूरच्या गाडीनं निघालं की दौंडच्या अलीकडे केडगाव लागतं. तिथं आपल्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणायला घेतलं. संस्कृतची एवढी पंडिता, पण भाषा निवडली ती नुकतीच अक्षरओळख झालेल्या बाईला कळेल अशी. खिळे जुळवायला मुक्तीतल्याच बायका. देवनागरीचा जुळारी होणं सोपं नाही. इंग्रजीला लागतात त्याच्या कितीतरी पट खिळे. जोडाक्षरं वेगळी, काना-मात्रा वेगळ्या, आणि प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखं उलटं. एक वेलांटी चुकली की ओळ उपसायची.

या कामात वर्षांमागून वर्षं गेली. कान जवळजवळ गेले, तब्येत ढासळली. काम मनोरमा पुढे नेईल, हा भरवसा होता. २४ जुलै १९२१ ला मनोरमाही गेली. चाळिशीची मुलगी. घरातलं रक्ताचं म्हणावं असं ते शेवटचं माणूस.

त्या दिवशी रमाबाई देवाला काय म्हणाल्या, ते आपल्याला ठाऊक असायचं कारण नाही. एवढं ठाऊक आहे की प्रुफं थांबली नाहीत. चौसष्टीला आलेली बहिरी बाई उरलेली पानं बघत होती, चुका काढत होती. काम पुरं होईपर्यंत दिवस मिळावेत, असं त्यांनी प्रार्थनेत मागितलं होतं, अशी आठवण मंडळींत सांगतात. शेवटची पानं तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या.

बांधलेलं पुस्तक काही त्यांनी पाहिलं नाही. ते निघालं १९२४ मध्ये. मधल्या काळात केडगावच्या बायका खिळे जुळवत होत्या, फर्मा छापून झाला की सोडवून परत आपापल्या खणात टाकत होत्या, आणि पुढचं पान लावायला घेत होत्या.