नदीतून संग्रहालयात

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

चीनमधल्या वुहान शहरात जलजीवशास्त्राची एक संस्था आहे. तिच्या संग्रहालयात एका डॉल्फिनचा देह जतन करून ठेवला आहे. लांब, निमुळती, टोकाला किंचित वर वळलेली चोच, पाठीवर बुटका त्रिकोणी पर आणि अगदी बारीक डोळे. त्याचं नाव चीची. यांगत्से नदीतल्या ‘बैजी’ जातीचा हा डॉल्फिन. आज ही जात पाहायची, तर अशा संग्रहालयांतच जावं लागतं.

यांगत्सेकाठच्या लोकांना बैजी फार पूर्वीपासून ठाऊक होता. त्याला ते नदीची देवी मानत. पाश्चात्त्य शास्त्राशी मात्र त्याची गाठ पडली ती १९१४ साली, आणि तीही मेल्यावर. चीनमध्ये राहणाऱ्या एका अमेरिकी मिशनऱ्याच्या मुलानं, चार्ल्स हॉय यानं, दोंगतिंग सरोवराच्या परिसरात एक बैजी बंदुकीनं मारला. त्याची कवटी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात पोहोचली आणि १९१८ मध्ये गेरिट मिलर यांनी तिच्यावरून या जातीचं नामकरण केलं. असा पहिला नमुना म्हणजे त्या जातीचं जणू जन्मपत्र. पुढे शंका आली, की त्याच्याशीच ताडून पाहायचं.

चीची सापडला जानेवारी १९८० मध्ये. कोळ्यांच्या गळांनी तो जखमी झाला होता. वुहानला आणून त्याच्यावर उपचार झाले, तो वाचला आणि पुढे साडेबावीस वर्षं हौदात राहिला. १९८६ मध्ये पकडलेली चेनचेन ही मादी दोन-अडीच वर्षांतच दगावली. त्याला पिल्लं झाली नाहीत. १४ जुलै २००२ रोजी तो गेला. बैजी कसा पोहतो, कसा आवाज काढतो, याची जी माहिती आज आहे, तिच्यातली पुष्कळशी या एकट्या प्राण्यानं दिली.

चीची सापडला त्या सुमारास नदीत चारएकशे बैजी असावेत असा अंदाज होता. मुद्दाम त्यांच्या जिवावर कुणी उठलं नव्हतं. माशांसाठी तळाशी सोडलेले गळ, विजेचा झटका देऊन केलेली मासेमारी, जहाजांचे पंखे, धरणं आणि कारखान्यांचं पाणी, या सगळ्यांत ते अडकत आणि मरत गेले. २००६ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये चिनी आणि परदेशी शास्त्रज्ञांनी दोन बोटींतून सहा आठवडे नदी पालथी घातली. एकही बैजी दिसला नाही.

मग या कवट्या आणि कातडी जपून काय मिळतं, असा प्रश्न मनात येईल. त्याचं उत्तर आपल्याच देशात आहे. गंगेतला आणि सिंधूतला डॉल्फिन एकच की वेगळे, हा वाद फार जुना. वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहालयांतल्या कवट्या मापून आणि जनुकीय पुरावा जोडून २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की या दोन स्वतंत्र जाती आहेत. वर्षानुवर्षं कपाटात पडून असलेली हाडं अशी कामाला आली.

या निष्कर्षाला फार मोठा अर्थ आहे. आपल्या नदी-डॉल्फिनांच्या पहिल्या देशव्यापी गणनेचा अहवाल २०२५ मध्ये आला. एकूण ६,३२७ डॉल्फिन असावेत, असा त्यातला अंदाज. त्यांतले सिंधूच्या जातीचे फक्त तीन, पंजाबातल्या बियास नदीत. पाकिस्तानात सिंधू नदीत ही जात बऱ्या संख्येनं आहे. पण मधल्या बंधाऱ्यांमुळे तिथले डॉल्फिन इथे येऊ शकत नाहीत. जात एकच असती, तर गंगेतून चार आणून सोडू, असं म्हणता आलं असतं. कवट्यांनी ती पळवाट बंद केली.

चीचीचा देह नीट जपला आहे, आणि तो जपायलाच हवा. पण चीची हौदात आला तेव्हा बाहेर नदीत त्याचे शेकडो सोबती होते. त्या वीस-बावीस वर्षांत जे करायचं राहिलं, ते त्याच्या देहावरून आता कुणालाही भरून काढता येणार नाही. बियासचे तिघे मात्र अजून पाण्यात आहेत.