रोगजंतू आणि एका नुक्त्याचा फरक

(संस्थेच्या वार्षिक समारंभात, धर्माबाद येथे पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले भाषण)



धर्माबाद स्टेशनवरून सिकंदराबादची गाडी आपणांपैकी बहुतेकांनी केव्हा ना केव्हा पकडली असेल. कोणी दवाखान्यासाठी, कोणी लग्नाच्या खरेदीसाठी, तर कोणी नातेवाइकांच्या भेटीसाठी. बासर, निजामाबाद करीत ही गाडी जेथे पोहोचते, तेथे बेगमपेठ नावाच्या भागात एक जुनी इमारत आहे. मलेरियाचे कोडे जगात प्रथम जेथे सुटले, ती हीच जागा. आज मला आपणांशी दोन प्रकारच्या रोगांविषयी बोलायचे आहे. एक बाहेरून येणारा, जंतूंमुळे होणारा; दुसरा आतून येणारा, आई-वडिलांकडून रक्तातून उतरणारा. या दोहोंचा एकमेकांशी संबंध आहे, आणि आपल्या मुलामुलींच्या लग्नाशीही आहे. म्हणून पालकांनी शेवटपर्यंत ऐकावे, अशी माझी विनंती आहे.

प्रथम बेगमपेठेची हकीकत. रोनाल्ड रॉस हा इंग्रज लष्करी डॉक्टर १८५७ साली अल्मोड्यास जन्मला आणि १८९५ मध्ये सिकंदराबादला आला. मलेरियाचा जंतू रोग्याच्या रक्तात असतो, हे लाव्हरां या फ्रेंच डॉक्टरने १८८० मध्ये अल्जीरियात पाहिले होते. पण तो एका माणसातून दुसऱ्या माणसात जातो कसा, हे कोणासच ठाऊक नव्हते. खराब हवेने हा ताप येतो अशी जुनी समजूत होती. मलेरिया या शब्दाचा मूळ अर्थच मुळी खराब हवा असा आहे. रॉसला डासाचा संशय होता. त्याने शेकडो डास चिरले. उकाड्यात पंखा चालवावा तर चिरलेले डास उडून जात. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले. दोन वर्षे हाती काही लागले नाही, कारण तो चुकीच्या जातीचे डास तपासत होता.

अखेर १८९७ च्या ऑगस्टमध्ये त्याला पंखांवर ठिपके असलेले, वेगळ्या जातीचे डास मिळाले. ते चावून घेण्यासाठी मलेरियाचा एक रोगी पुढे आला. त्याचे नाव हुसेन खान. चावणाऱ्या दर डासामागे त्याला एक आणा मिळे. १६ ऑगस्टला डास चावले आणि २० ऑगस्टला रॉसला त्यांतील एका डासाच्या जठराच्या भिंतीत मलेरियाच्या जंतूची वाढ दिसली. पुढच्या वर्षी कलकत्त्यास त्याने पक्ष्यांवर प्रयोग करून हा जंतू डासाच्या लाळेतून पुढे कसा जातो, तेही दाखविले. त्या कामात महंमद बक्ष नावाचा मदतनीस त्याच्याजवळ होता. १९०२ साली रॉसला नोबेल पारितोषिक मिळाले. रॉसचे नाव शाळेच्या पुस्तकात येते, हुसेन खान आणि महंमद बक्ष यांची नावे मात्र क्वचितच कोणी घेतो. विद्यार्थ्यांनो, संशोधन एकट्याच्या बुद्धीवर उभे राहत नाही. नमुना देणारा, काच धुणारा, डास पाळणारा, नोंद ठेवणारा, सगळ्यांचे हात त्याला लागतात. तुमच्यापैकी कोणी प्रयोगशाळेचा अभ्यासक्रम निवडला, तर त्या कामाला कमी लेखू नका.

त्या एका शोधाने पुढचे सारे मार्ग मोकळे केले. साचलेले पाणी काढून टाका, मच्छरदाणी वापरा, रक्त तपासा हा सल्ला तेथूनच आला. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने मलेरियाच्या ज्या दुसऱ्या लसीची शिफारस केली, ती आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते.

आता दुसऱ्या प्रकाराकडे वळू. आपणांपैकी पुष्कळांना उर्दू लिपी येते. खुदा हा शब्द लिहिताना पहिल्या अक्षराचा नुक्ता वर असतो. तोच नुक्ता खाली गेला की शब्द जुदा होतो. कागद तोच, शाई तीच, हात तोच. केवळ एक नुक्ता सरकला आणि अर्थ उलटा झाला. माणसाच्या शरीरातही असाच एक मजकूर जवळजवळ प्रत्येक पेशीत लिहिलेला असतो. त्यात सुमारे सहाशे कोटी अक्षरे असतात. निम्मा मजकूर आईकडून येतो, निम्मा वडिलांकडून. त्याची नक्कल होताना एखादे अक्षर बदलते. यालाच शास्त्रज्ञ उत्परिवर्तन म्हणतात. बहुतेक बदलांनी काहीच बिघडत नाही. पण काही जागा अशा असतात की तेथे एक अक्षर चुकले तर आयुष्य बदलते.

सिकलसेल हा रोग अशाच एका अक्षराचा आहे. रक्ताला लाल रंग देणाऱ्या हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी एक घटक बदलतो, हे इंग्रम या शास्त्रज्ञाने १९५६-५७ मध्ये दाखविले. एवढ्यानेच गोल, मऊ रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या व कडक होतात, बारीक नळ्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या जिल्ह्यांत हा रोग मोठ्या प्रमाणात आढळतो. आपल्याच जिल्ह्यातील किनवटच्या आदिवासी वस्त्यांतही तो आहे. थॅलेसेमिया हा त्याचा भाऊबंद. त्यात हिमोग्लोबिन पुरेसे तयारच होत नाही. मूल जन्मताना चांगले दिसते; सहा महिन्यांनंतर ते पांढरे पडू लागते, दूध टाकते, पोट फुगते. पुढे दर दोन-चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते आणि रक्ताबरोबर शरीरात साठणारे लोह काढण्यासाठी रोज औषध घ्यावे लागते.

असे घातक अक्षर पिढ्यान्‌पिढ्या टिकून कसे राहिले? याचे उत्तर आपल्याला पुन्हा डासाकडे घेऊन जाते. हॉल्डेन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९४९ मध्ये तर्क मांडला की जेथे मलेरिया फार, तेथे थॅलेसेमियाचे वाहक फार, कारण वाहकाला मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळत असावे. हेच हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात येऊन स्थायिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारले. १९५४ मध्ये ॲलिसन यांनी आफ्रिकेत पाहणी करून सिकलसेलच्या बाबतीत तसा पुरावा दिला. म्हणजे ज्याच्याजवळ चुकीची एकच प्रत आहे, तो मलेरियाच्या मुलखात अधिक तगला. आणि ज्या लेकराकडे दोन्ही प्रती चुकीच्या आल्या, त्याने त्याची किंमत मोजली. म्हणून हे अक्षर कोणाच्या पापाचे फळ नाही, कोणाची नजर नाही आणि कोण्या घराण्याचा कलंकही नाही. आपल्या पूर्वजांनी ज्या मलेरियाच्या मुलखात दिवस काढले, त्याची ती खूण आहे.

आता गणित समजून घ्या. ज्याच्याजवळ चुकीची एक प्रत असते त्याला वाहक म्हणतात. तो आजारी नसतो. थॅलेसेमियाच्या वाहकाला फार तर थोडा रक्तक्षय असतो. शेतात, दुकानात, कचेरीत तो सर्वांसारखे काम करतो, आणि तपासणीवाचून त्याला स्वतःलाही कळत नाही. एक वाहक आणि एक निरोगी यांचे लग्न झाले, तर कोणत्याही मुलाला हा आजार होत नाही. दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता आजारी मुलाची, दोन वाहक मुलाची आणि एक पूर्ण निरोगी मुलाची. येथे एक गैरसमज दूर करतो. पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन चांगली होतील, असे नाही. प्रत्येक वेळी हिशेब नव्याने सुरू होतो.

नात्यातील लग्नाचा प्रश्न येथेच येतो. चुलत, मामे, आते, मावस भावंडांच्या मजकुराचा सुमारे आठवा भाग सारखा असतो, कारण आजी-आजोबा एकच. त्यामुळे आजोबांची एकच चूक दोघांकडेही आलेली असण्याचा संभव वाढतो. इंग्लंडातील ब्रॅडफर्ड शहरात, जेथे पाकिस्तानी वंशाची कुटुंबे बरीच आहेत, मोठी पाहणी झाली. २०१३ मध्ये तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नात्यात लग्न केलेल्यांच्या बाळांत जन्मजात दोषांचे प्रमाण सुमारे तीन टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर गेलेले दिसले. याचा अर्थ शंभरांत चौऱ्याण्णव बाळे ठीक असतात, म्हणून घाबरू नये. पण प्रमाण दुप्पट झाले, म्हणून डोळेझाकही करू नये. ही रीत केवळ आपल्या समाजात आहे असेही नाही. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आपल्या मराठवाड्यात शेजारच्या अनेक समाजांत आहे. धर्माने अशा लग्नास परवानगी दिली आहे, सक्ती केलेली नाही. आणि लग्नापूर्वी तपासणी करण्यास हरकत कोठेच नाही. इराणमध्ये १९९७ पासून थॅलेसेमियाची तपासणी लग्नापूर्वी सक्तीची झाली. सौदी अरेबियाने २००४ पासून सिकलसेल व थॅलेसेमियासाठी तोच नियम केला.

आता माझ्या बोलण्याचा मुख्य मुद्दा. तपासणी केव्हा करावी? साखरपुडा झाल्यावर तपासणी केली आणि दोघेही वाहक निघाले, तर सोयरीक मोडते, आणि बोट मुलीकडे दाखविले जाते. मुलाच्या रक्तातही तेच अक्षर आहे, हे कोणी बोलत नाही. म्हणून तपासणी सोयरिकीची बोलणी सुरू होण्याच्या कितीतरी आधी व्हावी. मुलांची आणि मुलींची सारखीच व्हावी. अकरावी-बारावीचे वय त्याला योग्य. प्रथम रक्ताची साधी तपासणी करतात. रक्तपेशी आकाराने लहान दिसल्या तर एचपीएलसी नावाच्या यंत्रावर हिमोग्लोबिनचे प्रकार मोजतात. घरात रक्तक्षय वा रक्त देण्याचा इतिहास असेल, किंवा नात्यातील लग्ने असतील, तर ही दुसरी तपासणी थेटच करावी. गावातील डॉक्टरांना विचारा; नमुना पुढे पाठविता येतो. तपासणी आयुष्यात एकदाच करावी लागते. तिचा कागद दहावीच्या सनदेसारखा जपून ठेवा. तो शेजारीपाजारी दाखविण्यासाठी नाही, तो फक्त त्या मुलाचा आहे.

ज्यांची लग्ने आधीच झाली आहेत, त्यांनी निराश होऊ नये. दोघेही वाहक असल्यास गरोदरपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास बाळाची तपासणी करता येते. मात्र त्यासाठी मोठ्या रुग्णालयात वेळेवर जावे लागते. ज्यांच्या घरी आजारी मूल आहे, त्यांनी रक्त देण्यात खंड पडू देऊ नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया व सिकलसेल या दोहोंचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करण्यात संकोच कसला? २०२३ साली जनुकातील बिघाडावर कातरी चालविणारा पहिला उपचार इंग्लंड-अमेरिकेत मंजूर झाला. पण अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर ठरली. आपल्यासाठी आज तरी कॉलेजच्या वयातील ती एक साधी तपासणी हाच स्वस्त उपाय आहे.

शेवटी एक प्रसंग सांगून थांबतो. रॉसने डासात जंतू पाहिला त्याच १८९७ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले होते. १० जानेवारीस डॉ. हाफकिन यांनी आपली नवी लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. तरीही लोक भीत होते. तेव्हा खोजा समाजाचे तरुण इमाम आगाखान तिसरे यांनी अनुयायांसमोर स्वतः टोचून घेतले. त्यानंतर हजारो हात पुढे आले. शब्दांनी जे झाले नसते, ते एका दंडाने केले.

म्हणून या व्यासपीठावरील आम्हा वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे. पहिला नमुना आमच्या घरातील मुलामुलींचा जावा. पदाधिकाऱ्यांच्या, शिक्षकांच्या आणि माझ्याही घरातील. आमचा मुलगा वाहक निघाला तर आम्ही ते न लाजता सांगू. मग एखाद्या गरीब बापाला आपल्या मुलीचा कागद लपवावा लागणार नाही. विद्यार्थ्यांनो, तुम्ही आज घरी जाऊन आई-वडिलांना एवढेच विचारा की, आपल्या घरी कोणाला वारंवार रक्त द्यावे लागत होते काय? कोणाचे लहान मूल पांढरे पडून गेले होते काय? तेथून तपासणीला सुरुवात होईल. नुक्ता चुकला हा कोणाचाच गुन्हा नाही. पण वाचता येत असून तो न वाचणे, हे मात्र शिकलेल्या समाजाला शोभणारे नाही.